सट्टा आणि अडकलेलं गृहकर्ज

लंडनजवळ घर बघितलं. क्रेडिट रिपोर्ट स्वच्छ होता, पगार चांगला, तरी मॉर्गेज नाकारलं गेलं. ब्रोकरने माझी तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स पुढ्यात ठेवली: दर आठवड्याला क्रिकेटवर लावलेले पैसे आणि महिनाअखेरीस ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक संपल्यावर बँकेकडून घेतलेली उसनवारी. सट्टा क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. स्टेटमेंटमध्ये मात्र प्रत्येक व्यवहार दिसतो. एखाद्या लॉटरीच्या तिकिटाचं कुणाला फारसं वाटत नाही, पण सट्ट्याला उसनवारीची जोड दिसली की बँक बिचकते.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. तेच सर्वांत जड गेलं. मग बँकेच्या ॲपमधून जुगाराचे व्यवहार बंद केले, गॅमस्टॉपवर, म्हणजे ऑनलाइन जुगारापासून स्वतःला दूर ठेवण्याच्या ब्रिटनमधल्या यादीत, वर्षभरासाठी नाव घातलं (मुदतीआधी ते काढता येत नाही), ओव्हरड्राफ्ट फेडला. सहा महिन्यांनी दुसरीकडे अर्ज केला, विचारलं ते खरं सांगितलं. कर्ज मिळालं.