शंख-शिंपल्यांवरून प्राचीन गोड्या पाण्याचा वेध: या चुका टाळा

गोव्यात खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल शेतजमिनीच्या) बांधालगत किंवा जुन्या तळ्याच्या काठी खणताना शिंपल्यांचा थर लागला की नमुना लगेच वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीला पाठवला जातो. ही घाई टाळावी, कारण तो प्राणी तिथेच जगला की नंतर तिथे येऊन पडला, याचा निवाडा आधी व्हायला हवा. इथे पिढ्यानपिढ्या खुबे-तिसऱ्या खाऊन कवचे परसात टाकली गेली, चुन्याच्या भट्ट्यांसाठी शिंपले वाहून नेले गेले आणि बांध घालताना खाडीचा चिखल शिंपल्यांसकट उचलला गेला. शिंपल्याच्या दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) जुळलेल्या व चिखलात जिवंतपणीच्या ठेवणीत असतील, तर थर विश्वासार्ह मानावा. गुळगुळीत झिजलेल्या, साधारण एकाच मापाच्या सुट्या झडपा दिसल्या, तर त्या वाहून आल्याचा संशय घ्यावा.

एकाच जातीवर भिस्त ठेवू नये. मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटा हा निमुळता शंख गोड्या पाण्यात सर्रास आढळतो, पण मचूळ पाणीही सोसतो. उलट, खाजनात पावसाळ्यात गोडे आणि नंतर मानशीतून (बांधाच्या झडपदारातून) शिरणारे खारे पाणी असल्यामुळे दोन्हींचे शंख एकत्र सापडले, तरी थर विस्कटला आहे असे ठरवू नये. ऋतूंचा माग हवा असल्यास अख्खे कवच एकत्र कुटू नये. वाढीच्या रेषांनुसार क्रमाने नमुने घेऊन ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजावीत.

लॅमेलिडेन्ससारख्या गोड्या पाण्यातील शिंपल्याचे कवच मुळात कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचे, म्हणजे अ‍ॅरागोनाइटचे असते. त्यात कॅल्साइट हे त्याच द्रव्याचे दुसरे स्फटिकरूप आढळले, तर ते नंतर बदलले आहे आणि त्याचे वय फसवे ठरू शकते. सौम्य आम्लाने दोन्ही फसफसतात, म्हणून स्फटिकरचना ओळखणारी क्ष-किरण विवर्तन चाचणीच करावी. शिवाय चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन कवचात उतरला की वय प्रत्यक्षाहून अधिक दिसते. तेव्हा त्याच थरातील कोळसा किंवा बी शेजारी ठेवून पडताळा घ्यावा.

कार्बन-१४ सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे उपयोगी पडत नाही. नागपूरजवळच्या दख्खन लाव्हाथरांमधील फायसा प्रिन्सेपी या शंखाला ही पद्धत लागूच नाही. तिथे काळ वरच्या-खालच्या लाव्हाथरांवरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो, तर शंख गोड्या पाण्याच्या तळ्यांची साक्ष देतात.