थंडीत डिझेल गाडी पहाटे चालू होईना: गॅरेजमधल्या नव्या पोरांसाठी

"थंडीनं गाडी चालू होईना झालीय" असं गिऱ्हाईक म्हणालं की मान डोलवा, पण विश्वास ठेवू नका. आपल्याकडं कराड-वाळव्याच्या पट्ट्यात डिसेंबरात पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. एवढ्या थंडीत डिझेल गोठत नाही. ते दुखणं लडाखचं. तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं. आपली थंडी फक्त गाडीतलं आधीचंच दुखणं उघडं पाडते.

आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं असेल तर कॉम्प्रेशनचं गणित तुम्हाला ठाऊक आहे. हवा दाबली की ५०० अंशांच्या वर तापते आणि डिझेल पेट घेतं. गार लोखंड ती उष्णता खातं, त्यात सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मंद फिरला की दाबही नीट बनत नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी सेल्फ मारायला सांगा आणि सायलेन्सरकडं बघा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग हिटर प्लग (गार इंजिन आतून तापवणारा), नोझल (डिझेल फवारणारं), कॉम्प्रेशन तपासा. धूरच नाही तर डिझेल पोचतच नाही. सेल्फ रडतोय तर बॅटरीची टर्मिनलं आणि अर्थची पट्टी आधी घासा. नवी बॅटरी विकायची घाई नको. एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

आता ज्या भानगडीनं मला सगळ्यात जास्त छळलं, तिच्याकडं येतो. रात्रीत एअर घेणं, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरणं.

उसाचा ट्रक किंवा भाजीची पिकअप घ्या. टाकी खाली चेसिसला, इंजिन वर. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (हाच डिझेल ओढतो) पाइप ओढीवर चालतो. त्यावर कुठंतरी जोडातलं कॉपर वायसर (तांब्याची चकती) दबलेलं असतं, नाहीतर रबरी पाइप क्लिपजवळ कडक होऊन चिरलेला असतो. तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणजे खाली थेंब नाही, पाइपवर ओल नाही, धूळसुद्धा कोरडी. रात्रभर गाडी फडाच्या कडेला उभी राहते, रबर गारठून आणखी आकसतं, हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. पहाटे टोळी मोळ्या बांधत असते, मुकादम ओरडत असतो आणि ड्रायव्हर बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारतो. एकदा चालू झाली की दिवसभर घोड्यासारखी पळते. म्हणून सगळे थंडीला आणि बॅटरीला शिव्या घालतात. (बऱ्याच ट्रॅक्टरची टाकी इंजिनापेक्षा उंच असते. तिथं डिझेल बाहेर पाझरतं, दिसतं. ते सोपं.)

ही भानगड दुपारी गॅरेजात सापडत नाही. संध्याकाळी फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप जोडून ठेवा आणि पहाटे सेल्फ मारायच्या आधी बघा. पाइप रिकामा किंवा बुडबुडा वर चढलेला दिसला तर चोर घरातलाच. दुसरी खूण म्हणजे हातपंप मारून फिल्टरच्या स्क्रूतून एअर काढली आणि पहिल्या सेल्फला गाडी लागली, तर बॅटरी निर्दोष. मग टाकीपासून एकेक जोड तपासत या. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा पाइप विसरू नका, तिथूनही डिझेल उतरतं. आणि एअर काढून दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. उद्या पहाटे पुन्हा फोन येणार.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणारे आपल्याकडं गावोगाव आहेत. ठिणगी आत गेली, चिंधी ओढली गेली तर काय होतं ते इंजिन उघडल्यावर कळतं. हिटर प्लगवाल्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारला तर भडका आतच उडतो, पिस्टन फुटू शकतो. रॉकेल मिसळायचंही नाव नको. नवे पंप डिझेलच्याच वंगणावर चालतात. सीआरडीआय (कॉमन रेल) गाडीत डिझेलला हजार बारच्या वरचा दाब असतो, ती धार कातडीतून आत घुसते. तिचा हायप्रेशर पाइप चालू इंजिनवर सैल करायचा नाही म्हणजे नाही.

घाबरू मात्र नका. पहिल्या हिवाळ्यात ड्रायव्हरच्या शिव्या सगळ्यांनीच खाल्ल्यात. धूर बघायची नजर दोन-तीन पहाटे गारठल्यावर आपोआप येते. टाकी रात्री भरलेली ठेवा, फिल्टरखालचं पाणी सोडा, एवढं सांगितलं तरी निम्मी गिऱ्हाइकं सुखी होतात.

शिकायला गॅरेज निवडताना मिस्त्रीचं नाव किती मोठं ते विचारू नका. बेंजो बोल्ट (डिझेल पाइपाच्या जोडातला पोकळ बोल्ट) खोलला की तो नवं वायसर टाकतो का, ते बघा. जुनंच दगडावर घासून परत बसवत असेल तर पगार चांगला असला तरी दुसरीकडं बघा.