बाजारभावाचा आलेख: चार्ट.जेएस कसं जोडायचं

निपाणी, खानापूर, बेळगावचे बाजारभाव वेबपानावर आलेखात दाखवायला चार्ट.जेएस (आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) पुरतं. एनपीएमने (जावास्क्रिप्ट पॅकेजेस बसवायचं साधन) बसवा किंवा स्क्रिप्ट टॅगने जोडा. आलेख ज्यावर काढला जातो त्या कॅनव्हास टॅगभोवतीच्या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह आणि उंची द्या, समजा ३०० पिक्सेल. ऑप्शन्समध्ये मेन्टेन-अ‍ॅस्पेक्ट-रेशो (maintainAspectRatio) फॉल्स करा, नाहीतर आलेख २:१ प्रमाणच धरून बसतो.

खरी गोची आकड्यांची. भाव देवनागरी किंवा कन्नड अंकांत साठवले असतील तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटतच नाही. अक्ष दिसतो, रेघ गायब! साठवताना इंग्रजी आकडेच ठेवा. पानावर मराठी अंक हवेत? ऑप्शन्समध्ये लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) ‘एमआर-आयएन’ (mr-IN) द्या.

तालुका बदलल्यावर त्याच कॅनव्हासवर नवा चार्ट काढाल तर एरर येते. आधी जुना डिस्ट्रॉय करा. नुसता डेटा बदलून अपडेट बोलावणं त्याहून बरं.