जुनं पितळ घेताना आधी बूड बघा

नागपुरात इतवारीच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला एक जुन्या सामानाचं दुकान आहे. आत लाकडी कपाटं, दारात सायकलींचे सांगाडे, आणि भिंतीला टेकून पितळेचा ढीग. गेली बारा वर्षं मी त्या ढिगासाठी जाते.

उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत पोचायचं. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात पडलेल्या भांड्याला अकरा वाजता हात लावता येत नाही, आणि हातात घेतल्याशिवाय पितळ कळत नाही. पिशवीत लोहचुंबक, टॉर्च, पाण्याची बाटली आणि सुटे पैसे ठेवा. निघण्याआधी भांडे ओळीत, म्हणजे भांड्यांच्या बाजारात, त्या दिवसाचा मोडीचा किलोचा भाव विचारून घ्या. दुकानदाराने माल बहुतेक वेळा वजनावरच घेतलेला असतो; तो भाव ठाऊक असला की घासाघीस कुठून सुरू करायची ते कळतं.

आधी चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वरून फक्त पितळेचा मुलामा. काशाचं भांडं बोटावर तोलून नखाने टिचकी मारा. नाद बराच वेळ रेंगाळतो. पितळेचा लवकर विरतो. नाद फुटका आला तर कुठेतरी तडा आहे, ठेवून द्या.

मग भांडं उलटं करा. माझी मोठी चूक इथेच झाली होती. एक सुंदर घंगाळ, कड्या शाबूत, बाहेरून लखलखीत. हौसेने घरी आणलं, पाणी भरलं आणि दहा मिनिटांत ओटा ओला. बुडाला डाख दिलेला होता, म्हणजे भोक धातू वितळवून बुजवलेलं होतं, आणि वरून पॉलिश मारलं होतं. तेव्हापासून मी दुकानातच बाटलीभर पाणी ओतते आणि बूड कोरड्या कागदावर टेकवते. दुकानदार म्हणतात, "मावशी, बघा ना आरामात." जो बघू देत नाही त्याच्याकडून घेत नाही. बुडावर फिकट, करड्या रंगाची रेघ दिसली तर तो डाखच. त्यात शिसं असू शकतं, म्हणून असं भांडं स्वयंपाकाला नको. झाड लावायला चालेल.

काठाखाली टॉर्च तिरपा धरला की नाव दिसतं. पूर्वी लग्नात आलेल्या भांड्यावर छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांनी नाव घालायचे. टिंबं खोल, थोडी वाकडी, आणि बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. मशीनच्या पेनाने काढलेली रेघ उथळ आणि सलग असते. माझ्या एका तांब्यावर "चि. सौ. कां." एवढंच उरलंय, पुढचं नाव कुणाच्या तरी रोजच्या घासण्याने गेलंय. म्हणूनच दुकानदाराला मी स्पष्ट सांगते, बफ मारून देऊ नका. चकाकी येते, पण अक्षरं जातात. चिंच आणि मीठ पुरे.

गल्ल्याशेजारी नाण्यांचा डबा असतो. राणी व्हिक्टोरियाच्या चांदीच्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम. तो चुंबकाला चिकटला तर नकली. 1947 चा रुपया मात्र निकेलचा आहे, तो चिकटणारच, त्याला नाकारू नका.

जुन्या मूर्तीला कितीही स्वस्तात मिळाली तरी कागदपत्रांशिवाय मी हात लावत नाही. शंभर वर्षांपुढच्या मूर्तीला 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, आणि ती कुठल्या देवळातून आली हे आपल्याला कोण सांगणार?

घरी आणल्यावर आतून बघा. पांढरी कल्हई जाऊन पिवळं पितळ दिसत असेल तर ताक, आमटी, चिंचेचं सार त्यात ठेवायचं नाही. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो. आमच्याकडचा येतो तेव्हा चार घरची भांडी जमा करून ठेवते, आणि त्याला आधीच सांगते, भाऊ, बाहेरून घासू नका, तिथे नाव आहे.