बाहेरून आलेल्या आकड्यावर अ‍ॅरे बांधू नका: सी शिकताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी दादरला आठ-दहा पोरं माझ्याकडे सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर हात बसलेला, आता लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर. दरवर्षी पोरं नवी, चुका मात्र जुन्याच.

पहिली म्हणजे आर्गसी, म्हणजे प्रोग्रामच्या नावासकट कमांड लाइनवर किती शब्द दिले तो आकडा, न तपासणं. प्रोग्रामला एक आकडा हवा असतो, पोरगं नुसतं नाव टाइप करून एंटर मारतं आणि सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे भलत्या मेमरीला हात लावला म्हणून प्रोग्राम बंद पडतो. हे शब्द आर्गव्हीत असतात. आर्गव्ही[०] मध्ये प्रोग्रामचं नाव असतं, तुमचा माल १ पासून सुरू. म्हणजे एक आकडा हवा तर आर्गसी २ पाहिजे. काहीच दिलं नाही तर आर्गव्ही[१] नल, म्हणजे कुठेच न दाखवणारा पत्ता असतो, आणि तो नल मजकुराचा आकडा करणाऱ्या अ‍ॅटोआयला भरवला की खेळ खल्लास. मेनमध्ये शिरल्या शिरल्या मी आधी आर्गसी बघतो. कमी भरला तर प्रोग्राम कसा चालवायचा ते एका ओळीत एसटीडीएररवर (चुकांच्या संदेशांची वाट) छापतो आणि १ परत करून बाहेर पडतो.

अ‍ॅटोआयचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगतो. त्याला ‘कखग’ द्या, उत्तर ०. खरंच ० द्या, तरी ०. ‘१२कख’ दिलं तर १२ उचलून बाकीचं गुपचूप गिळतो. इंटमध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकाच्या प्रकारात, न मावणारा आकडा दिला तर काय होईल याची हमी सीचं स्टँडर्डही देत नाही. एकदा एका मुलीचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता. तिने ५० टाइप केलं, प्रोग्राम म्हणाला शून्य. पडद्यावर तर ५० दिसतंय! अर्धा तास ती स्वतःच्या लूपमध्ये चूक शोधत बसली. अ‍ॅटोआयला फक्त इंग्रजी अंक कळतात, देवनागरी नाही.

मी त्याऐवजी स्ट्रटॉल वापरतो. तोही मजकुराचा आकडा करतो, पण चूक झाली तर कळवतो. आधी एररनो (चुकीची खूण ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करायचा, मग एंडपॉइंटर (वाचन कुठवर झालं ते दाखवणारा) कुठे थांबला ते बघायचं. सुरुवातीलाच थांबला तर आकडाच नव्हता, स्ट्रिंग संपायच्या आधी थांबला तर मागे कचरा आहे, आणि एररनोमध्ये ईरेंज ही खूण आली तर आकडा मावला नाही. चार ओळी जास्त लागतात. ‘सर, परीक्षेत एवढं कोण लिहितं?’ नका लिहू बाबांनो, परीक्षेत नका लिहू.

आता माझी स्वतःची शोभा. २००९ साली अंधेरीच्या एका ऑफिसात मी मीटरच्या रीडिंगचा मध्य काढणारा प्रोग्राम लिहिला. रीडिंग किती (म्हणजे एन), ते कमांड लाइनवरून घ्यायचं. मी ऐटीत लिहिलं, ‘डबल रीडिंग[एन];’. १९९९ च्या सी९९ स्टँडर्डने दिलेली, प्रोग्राम चालताना लांबी ठरणारी आकड्यांची रांग, म्हणजे व्हेरिएबल लेंग्थ अ‍ॅरे, जागा मागायला मॅलॉक नको, परत द्यायला फ्री नको. हजारावर चालला, लाखावर चालला. गिऱ्हाइकाने २० लाख दिले आणि प्रोग्राम आडवा.

बाहेर जुलैचा पाऊस, आणि चूक शोधणारा जीडीबी बोट दाखवतोय फाइल उघडणाऱ्या एफओपनच्या ओळीवर. मी फाइल पुन्हा कॉपी केली, परमिशन बदलल्या, पाथ बदलला, नावातली स्पेससुद्धा काढली. शेवटची बोरिवली लोकल गेली. सकाळी एक सीनियर चहाचा कटिंग हातात घेऊन आले आणि म्हणाले, ‘यूलिमिट -एस मार.’ आकडा आला ८१९२ केबी, म्हणजे ८ एमबीचा स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची जागा), साधारण ८४ लाख बाइट. माझा अ‍ॅरे २० लाख गुणिले डबलचे ८ बाइट, म्हणजे १ कोटी ६० लाख. अ‍ॅरेची ओळ नुसता स्टॅक पॉइंटर खाली सरकवून मोकळी झाली होती. त्या खड्ड्यात पहिलं पाऊल पडलं ते एफओपनला कॉल करताना, म्हणून बिचाऱ्या एफओपनवर आळ.

यूलिमिट वाढवून टाक, असं सांगणारेही भेटतात. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाऊन वाढवणार का? विंडोजवर तर मेन थ्रेडचा स्टॅक मुळात १ एमबी, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने हे अ‍ॅरे कधी घेतलेच नाहीत. पुढच्या सी११ स्टँडर्डने ते ऐच्छिक करून टाकले, लिनक्स कर्नलवाल्यांनी २०१८ मध्ये हाकलले. मी स्टॅकबाहेर जागा देणारा कॅलॉक वापरतो. जागा नसेल तर तो नल देऊन तोंडावर सांगतो, शिवाय आतला गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर तेही पकडतो. आकड्याला वरची मर्यादा मी आधीच घालतो, आणि जीसीसीची व्हीएलए (व्हेरिएबल लेंग्थवाल्यांची) वॉर्निंग कायम चालू ठेवतो.

बाकीच्या किरकोळ. आर्गव्ही[१] ची तुलना == ने केली तर पत्ते जुळवले जातात, अक्षरं नव्हे; स्ट्रसीएमपी वापरा. कॅल्क्युलेटरला ५ * ३ दिलंत तर कमांड वाचणारं शेल त्या * च्या जागी फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतं, म्हणून ते कोट्समध्ये टाका. आर्गव्हीच्या साइझऑफवरून आर्ग्युमेंट्स मोजू नका, तो नुसत्या पॉइंटरचा साइझ. फंक्शनमधल्या अ‍ॅरेचा पत्ता रिटर्न करू नका, हे दर रविवारी सांगतो.

कुणी प्रोग्राम दाखवायला आणला की मी कोड वाचायच्या आधी पाच गोष्टी टाइप करतो: काहीच नाही, ०, -५, १२कख आणि २० लाख. गेल्या रविवारी एकाचा पहिल्यावरच पडला. ‘पण सर, तुम्ही आकडा दिलाच नाहीत!’