जुन्या सॉफ्टवेअरला सीरियल पोर्ट सापडत नसेल तर आधी हे बघा

सीरियल पोर्ट म्हणजे मशीन कॉम्प्युटरला जोडायचं जुन्या पद्धतीचं कनेक्शन. त्यासाठी यूएसबी टू सीरियल अ‍ॅडॉप्टर लावला की विंडोज त्याला कॉम ७, कॉम ११ असा कुठलाही पोर्ट नंबर देऊन टाकतं आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत बऱ्याचदा कॉम १ ते ४ एवढेच असतात, मग ते बिचारं पोर्ट शोधणार तरी कुठे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली जाऊन प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे रिकामा असलेला खालचा नंबर निवडा. 'इन यूज' दिसलं तरी घाबरू नका, बरेचदा ते आधी कधीतरी लावलेल्या अ‍ॅडॉप्टरचं उरलेलं असतं, शो हिडन डिव्हाइसेस करून ते काढता येतं.

तरीही गप्प असेल तर मशीनची केबल काढा, अ‍ॅडॉप्टरच्या ९ पिनी कनेक्टरची २ आणि ३ नंबरची पिन बारीक वायरने जोडा आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये (पोर्टवर अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्राम) फ्लो कंट्रोल (डेटा थांबवायचे-सोडायचे सिग्नल) आणि लोकल इको (टाइप केलेलं प्रोग्रामने स्वतःच दाखवणं) बंद करून काहीतरी टाइप करा. अक्षरं परत दिसली म्हणजे पोर्ट ठीक आहे, आता केबल नाहीतर सेटिंग तपासा. मशीन परत जोडल्यावर कचरा अक्षरं येत असतील तर बहुतेक बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, चुकलाय.

आणि हो, दुसऱ्या प्रोग्रामने पोर्ट धरून ठेवला असेल तर तो आधी बंद करा, एका वेळी एकालाच मिळतो.