कन्सोल सर्व्हर जोडण्याआधी: खान्देशातल्या घरच्या लॅबची तयारी

घरच्या लॅबसाठी आधी राउटर आणि स्विच घेतले जातात, कन्सोलचा, म्हणजे राउटर-स्विचमध्ये थेट तार लावून शिरायच्या पोर्टाचा, विचार सगळ्यात शेवटी होतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ॲक्सेस-लिस्टची (कोणाला आत येऊ द्यायचं याच्या नियमांची) एक ओळ चुकली किंवा चुकीचा इंटरफेस बंद झाला, की नेटवर्कवरून त्या डब्यात शिरायची वाटच उरत नाही. मग कामाला येते ती फक्त कन्सोलची सिरियल तार. डबे पाच-सहा झाले की लॅपटॉपची एकच तार या पोर्टातून त्या पोर्टात हलवण्यात संध्याकाळ जाते. कन्सोल सर्व्हर या सगळ्या तारा एका यंत्रावर आणतो आणि ते यंत्र तुम्ही घरात कुठेही बसून उघडू शकता. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरच्या घरी सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी खरेदीआधी काय काय पाहून ठेवावं, ते इथे लिहितो.

पहिला प्रश्न यंत्राचा. सेकंडहँड बाजारात सिस्कोचा जुना २५०९ किंवा २५११ राउटर मिळाला तर त्यात अनुक्रमे ८ आणि १६ असिंक्रोनस (सिरियल) लाइन असतात, एका लाइनीवर एक कन्सोल. त्याची आठ शेपट्यांची ऑक्टल केबल सोबत आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. केबलशिवाय तो डबा निरुपयोगी आहे. या केबलच्या शेपट्या थेट कन्सोल पोर्टात बसतात, वेगळी रोलओव्हर तार (दोन टोकांना पिनांचा क्रम उलटा असलेली कन्सोलची तार) लागत नाही. दुसरा पर्याय रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि यूएसबी-सिरियल तारांचा. पण आपल्याकडच्या विजेचा विचार करता माझी पसंती तिसऱ्यालाच आहे: स्क्रीन फुटलेला किंवा कीबोर्ड गेलेला जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी अर्धा तास जरी टिकत असली तरी लाइट गेल्यावर कन्सोल सर्व्हर बंद पडत नाही. त्यावर डेबियन लिनक्स टाकायचं आणि झाकण मिटल्यावर झोपू नये अशी सेटिंग करायची, बस. बॅटरी फुगली नाही ना, हे उन्हाळ्यात अधूनमधून पाहावं आणि फुगलेली दिसली तर लगेच काढावी.

रास्पबेरी पाय घ्यायचाच असेल तर दोन गोष्टी. पाय ४ च्या सगळ्या यूएसबी पोर्टांतून मिळून १.२ अँपिअरच निघतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लागतो. आणि पायच्या पिनांवरचं सिरियल ३.३ व्होल्टचं असतं. राउटरचा कन्सोल आरएस-२३२ चा, म्हणजे जास्त व्होल्टेजचा. दोन्ही थेट जोडले तर रास्पबेरी पाय जळतो.

तारा विकत घेता येतात, पण निळी रोलओव्हर तार घरी बनवणं सोपं आहे आणि एकदा बनवली की ती कशी चालते हेही डोक्यात पक्कं बसतं. जळगावात गोलाणी मार्केटला फेरी मारली तर आरजे-४५ प्लग आणि क्रिम्पिंगची पक्कड मिळून जाईल. एका टोकाला नेहमीचा क्रम लावा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला हाच क्रम शेवटून लावायचा, तपकिरीपासून पांढऱ्या-नारंगीपर्यंत. म्हणजे १ नंबरची पिन ८ ला जाते, २ नंबरची ७ ला. दोन्ही प्लग खिटी खाली करून शेजारी शेजारी धरले की रंग आरशात पाहिल्यासारखे उलटे दिसले पाहिजेत. तसे दिसत नसतील तर ती लॅनची तार झाली, तिच्यावर कन्सोल उघडणार नाही. ज्या तारेच्या एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला आरजे-४५ असतो, तिच्या आतच हे सगळं केलेलं असतं.

यूएसबी तारांची खरी मेख ओळखीत आहे. लिनक्स त्यांना ज्या क्रमाने दिसतील तसे नंबर देतं, त्यामुळे रीस्टार्टनंतर काल शून्यावर असलेला राउटर आज तीनवर सापडू शकतो. चांगल्या एफटीडीआय चिपवर वेगळा सिरियल नंबर असतो, त्यावरून यू-डेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून प्रत्येक तारेला कायमचं नाव देता येतं. स्वस्त तारांवर बहुतेकदा असा नंबरच नसतो. तिथे हबच्या कुठल्या भोकात तार आहे त्यावरून नाव द्यावं लागतं. मग त्या भोकावर, तारेच्या दोन्ही टोकांवर आणि राउटरवर एकाच नावाची चिठ्ठी चिकटवा. हे काम तारा जोडण्याआधी करायचं, कारण तारांचा गुंता एकदा झाला की कोणीही नंतर चिठ्ठ्या लावत नाही.

आता अर्थिंग, आणि यावर मी मुद्दाम थांबतो. कन्सोल तारेतली ग्राउंडची पिन डब्याच्या पत्र्यापर्यंत, म्हणजे घराच्या अर्थिंगपर्यंत पोचलेली असते. राउटर एका खोलीच्या सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्या खोलीच्या, आणि दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला, तर तो करंट त्या बारीक तारेतून वाहतो आणि पोर्ट जातो. तापीकाठच्या काळ्या मातीत हा धोका उन्हाळ्यात वाढतो: माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पट्टीभोवतीची पकड सुटते. खड्ड्यात पाणी सोडत राहायचं ही जुन्या वायरमनांची सवय त्यासाठीच आहे. मल्टीमीटर एसीवर ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. एक-दोन व्होल्ट चालतील. त्याहून बरेच जास्त दिसले, किंवा रॅकच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर लॅब थांबवून आधी वायरमनला बोलवा. सगळे डबे आणि कन्सोल सर्व्हर एकाच बोर्डावरून चालवले तर निम्मी काळजी मिटते. वादळी पावसात तारा काढून ठेवाव्यात.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि सिस्कोच्या २८०० मालिकेतले राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले आहेत. गच्चीखालची किंवा पत्र्याची खोली दुपारी त्याच्याही वर जाते. जुनं धाब्याचं घर असेल तर खालची आतली खोली लॅबला द्या. कूलरच्या झोतात मात्र डबे ठेवू नका. ती ओलसर हवा आणि धूळ मिळून प्लगच्या धातूच्या पट्ट्यांवर थर धरतो आणि मग कन्सोलवर अर्धवट अक्षरं येऊ लागतात.

कन्सोल सर्व्हरची लॅनची तार लॅबच्या स्विचमध्ये लावू नका, ती घरच्या राउटरलाच जाऊ द्या. लॅबचा स्विच तुम्ही मोडणार, तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेला कन्सोल काय कामाचा? त्याला पत्ता पक्का करून घ्या आणि लॅबच्या सरावाला १९२.१६८.१ वरची रेंज वापरू नका, घरचं वायफाय बहुतेक तिथेच असतं. टेलनेट म्हणजे लांबून लॉगिन करायची जुनी, उघडी पद्धत; कन्सोलचे टेलनेट पोर्ट इंटरनेटवर कधीच उघडायचे नाहीत. सेर-टू-नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्रॅम) फक्त त्या यंत्रापुरतं ऐकेल असं ठेवा आणि आत शिरायला एसएसएच हे सुरक्षित लॉगिन, तेही पासवर्डऐवजी की-फाइलवर. बाहेरगावाहून लागत असेल तर वायरगार्ड व्हीपीएन.

सॉफ्टवेअर थोडक्यात. लिनक्सवर तुमच्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये घाला, नाहीतर पोर्ट उघडणारच नाही. सिस्कोला बहुतेक ठिकाणी ९६०० बॉड (सिरियलचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद, मायक्रोटिकला ११५२००. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर आधी बॉड बघा. जुना सिस्को सर्व्हर म्हणून वापरत असाल तर त्या लाइनींवर ‘नो एक्झेक’ विसरू नका, नाहीतर समोरच्या राउटरच्या प्रत्येक ओळीला तो लॉगिन विचारून उत्तर देत बसतो आणि दोघं एकमेकांशीच बोलत राहतात. टेलनेटचा पोर्ट म्हणजे २००० अधिक लाइन नंबर. लाइन नंबर ‘शो लाइन’मध्ये दिसतो.

शेवटी दोन चाचण्या, आणि त्या दिवसाउजेडी करा. पहिली, ब्रेक सिग्नल. पासवर्ड विसरला तर तोच राउटरला सुरू होताना रॉममॉन या दुरुस्तीच्या मोडमध्ये नेतो आणि काही स्वस्त तारा तो पाठवतच नाहीत. म्हणून प्रत्येक तारेवरून एकदा तरी राउटर रॉममॉनमध्ये नेऊन बघा आणि ज्या तारेवर जमत नाही ती बदला. दुसरी, लाइट जाण्याची. लॅबचा बोर्ड बंद करा, मोबाइलवरून कन्सोल सर्व्हरवर लॉगिन करा, बोर्ड पुन्हा चालू करा आणि प्रत्येक डब्याचा बूट त्याच्या स्वतःच्या नावाच्या खिडकीत दिसतो का ते तपासा. घरच्या वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या डीसी यूपीएसवर नसेल तर ही चाचणी इथेच अडेल, तेव्हा त्याची सोय आधीच करा. दोन्ही चाचण्या निघेपर्यंत लॅबमधल्या एकाही इंटरफेसवर ‘शटडाउन’ लिहू नका.